नुसती वाट बघणारी ओळ

आमच्याकडे एखाद्याच्या हाताला बोटं कमी दिसली तर कुणी दचकत नाही. 'कुठल्या प्रेसवर?' एवढंच विचारतात. चहाच्या गाड्यावर कप पुढं करणारा हात, लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणारा हात, तालमीच्या कट्ट्यावर तंबाखू मळणारा हात. कोल्हापुरात कारखाने वाढले तसे असे हातही वाढले. ते हात बघून मी हा धंदा निवडला, असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण आता सांगवत नाही.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. खाली डाय, म्हणजे साचा. वर रॅम, म्हणजे जडशीळ लोखंडी ठोकळा. बाजूला गरगरणारं मोठं चाक. पत्र्याचा तुकडा हातानं डायवर ठेवायचा, रॅम खाली येतो, तुकड्याचं बिजागरीचं पातं होतं आणि रॅम पुन्हा वर जातो. पूर्वी रॅम पायाखालच्या पेडलनं सुटायचा. हात आत असताना पाय दाबला गेला की संपलं. मी बनवतो ते पॅनेल पेडलच्या जागी बसतं. त्याला छत्रीसारख्या डोक्याची दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही दाबली तरच रॅम खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, डायमध्ये एकही नाही. आणखी एक अट असते. एक ठोका झाला की, किंवा प्रेस नव्यानं चालू केली की, दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा ठोका मिळत नाही. ही अट मुद्दाम ठेवावी लागते, कारण कामगार एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवतात आणि मोकळ्या हातानं भराभर माल भरतात. अट असली की काडी चालत नाही.

पॅनेलच्या आत बोटाच्या पेराएवढी चिप असते. तिच्यातला प्रोग्राम मी लिहितो. बोर्डाचं सोल्डरिंग बायको करते, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. घराच्या वरच्या खोलीत आम्हा दोघांचं एवढंच काम.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडच्या मालकानं नवं पॅनेल मागितलं. "सर, दिवसाला किती माल निघाला त्यो आकडा डब्यावरच दिसाय पायजे." मी आकडा दाखवणारा भाग जोडला आणि प्रोग्राम चिपमध्ये मावेना. त्याच सुमारास जुना लॅपटॉप बंद पडला होता आणि नव्यावर मी कंपायलरची नवी आवृत्ती घातली होती. कंपायलर म्हणजे मी लिहिलेल्या ओळी चिपला कळतील अशा करून देणारा प्रोग्राम. हे करताना किती काटछाट करायची, ते त्याला सांगता येतं. त्या सांगण्याला ऑप्टिमायझेशनचे पर्याय म्हणतात. शून्य म्हणजे लिहिलंय तसंच राहू दे. एक म्हणजे थोडी काटछाट. दोन म्हणजे बरीच. मी वर्षानुवर्षं एकवर होतो. त्या दिवशी इंटरनेटवर कुणीतरी कुणाला दिलेला सल्ला वाचला, दोनवर टाका, मावेल. टाकलं, मावलं.

दोन म्हणजे नक्की काय काय, हे सांगणारी पानं कुठंतरी असणार हे मला ठाऊक होतं. मी ती शोधली नाहीत. टेबलावर बोर्डाला प्रेसऐवजी दिवा जोडला, दोन्ही बटणं दाबली, दिवा लागला. सोडली, विझला. आकडा एकनं वाढला. मी बायकोला हाक मारून तो आकडा कौतुकानं दाखवला.

अशी तीन पॅनेलं गेली. एक कागलला, एक शिरोलीत आणि एक कुरुंदवाडच्या वाटेवरच्या शेडमध्ये.

खंडेनवमीला कागलच्या मालकानं पूजेला बोलावलं. प्रेस डिझेलनं पुसून लख्ख केली होती. चाकाला झेंडूची माळ, डायवर नारळ. "पॅनेल तुमचं, तवा पूजा तुमच्याच हातनं," मालक म्हणाला. ती प्रेस चालवणाऱ्या बाई जवळच्याच खेड्यातून बसनं येतात. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळं शेड त्यांना आक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मी प्रेसला हळदकुंकू लावून बाजूला झालो तर आक्का म्हणाल्या, "बटणास्नी कोण लावायचं? दिसभर हात तर तितंच असत्यात आमचं."

मी चिमटीनं लावायला लागलो.

"आवो पावणं, चिमटीनं काय देव पावतुया? भरून लावा की."

सगळे हसले. मीही हसलो. नारळाच्या पाण्यात हळदकुंकू कालवून दोन्ही बटणांना चांगलं भरून लावलं, कडेपर्यंत. पेढा खाऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मालकाचा फोन आला. तो हसत होता. "सर, तुमच्या हाताला गुण हाय बगा. पूजा केलासा आनि प्रेस जागृत झाली!"

"म्हणजे?"

"एका बटणावर ठोका द्याय लागलीया. आक्कानं नुसतं उजवं दाबलं, आनि धाडदिशी खाली."

"आक्कांचा डावा हात कुठं होता?"

"पदर सारखा करालत्या. काय झालं न्हाई ओ. डावं बटण चिकाटलंय, दुसरं काय. तुमचं कुक्कू आनि नारळाचं पाणी वाळून बसलंय आत."

मी म्हणालो, थिनरनं पुसून घ्या. थोड्या वेळानं त्याचा पुन्हा फोन आला. "झालं मोकळं. आता दोन्हीवरच चालालीया." मी फोन ठेवणार एवढ्यात तो सहज म्हणाला, "तशी ती मधी मधी एकाला दोन ठोकं मारायचीच. आमास्नी वाटायचं, आक्काचा हात लौकर निगत न्हाई बटणावरनं."

एकाला दोन. म्हणजे बटणं दाबलेलीच असताना दुसरा ठोका. म्हणजे बटणं सुटण्याची अट पॅनेल पाळतच नव्हतं, आणि हे कुंकवाच्या आधीपासूनचं होतं. चिकटलेल्या बटणावर प्रेस मुकाट उभी राहायला हवी होती. तिथं सगळ्यांना कारण मिळालं होतं, कुंकू. ते पुसलं गेलं होतं. ते पुरेसं नाही हे माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो.

बायको समोर बोर्डाचं सोल्डरिंग करत बसली होती. "कुणाला काय झालंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का झालंय?"

मी सांगितलं. ती उठली, टेबलावरच्या बोर्डाचं डावं बटण तिनं रबर लावून दाबून ठेवलं आणि माझ्याकडं बघत उजव्यावर बोट टेकवलं. दिवा लागला. तिनं बोट उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा लागला. साठ वॅटचा साधा दिवा, पण मला त्याच्याकडं बघवेना. मी पर्याय परत एकवर नेला, आकडा दाखवणारा भाग काढला, चिपमध्ये प्रोग्राम पुन्हा भरला. आता रबर तसंच असताना उजव्या बटणानं दिवा लागेना. नेमका तोच प्रोग्राम दोनवर भरला की लागायचा. माझ्या ओळी त्याच होत्या, फक्त पर्याय वेगळा.

"अहो, मग फोन करून प्रेस बंद ठेवा म्हणून सांगा की," ती म्हणाली.

"आधी कळू दे काय झालंय ते."

"कळेपर्यंत?"

"बटण साफ केलंय त्यांनी. आज काही होत नाही."

तिनं इस्त्रीचा प्लग काढला, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीचा, आणि खाली निघून गेली. मी लॅपटॉप उघडला.

इथं मला खरं लिहायचं आहे, कारण हे लिहायला बसलो ते त्याचसाठी. त्या वेळी मला कारण शोधायचं नव्हतं. कारण ठरलेलं होतं, दोन नंबरचा पर्याय. मला दोष कुणाचा ते शोधायचं होतं. कंपायलरमध्येही चुका असतात. त्या बनवणाऱ्यांनी कबूल केलेल्या असतात, कुठंतरी लिहिलेल्या असतात. तसं एखादं पान सापडलं तर मी मालकाला ते दाखवून म्हणू शकलो असतो, बघा, माझ्या हातात नव्हतं. त्या पानासाठी मी बसलो, आणि तिकडं आक्का प्रेसवर बसल्या होत्या.

चिप बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल उघडलं. त्यात एकच ओळ: दुसरी पातळी, पहिलीपेक्षा अधिक ऑप्टिमायझेशन. तपशिलासाठी इथं बघा, असं म्हणून एक दुवा दिलेला, तो दाबला तर पान अस्तित्वात नाही. कंपायलरबरोबर मदतीची एक फाइल आली होती. ती उघडली तर डावीकडं शीर्षकं दिसत होती आणि उजवीकडं कोरं. कुठल्याही शीर्षकावर जा, उजवीकडं पांढरं. मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं दाबतोय. शेवटी समजलं, इंटरनेटवरून उतरवलेली असली फाइल विंडोज आपणहून अडवून ठेवतं, तिच्या गुणधर्मांत जाऊन खूण करावी लागते. केली. पानं दिसली. ती माझ्या आवृत्तीच्या आधीची निघाली.

मग इंटरनेटवरची पानं. तिथं सगळ्यात नव्या आवृत्तीची माहिती पुढं येत होती, माझी मधलीच कुठलीतरी होती. या पर्यायांचं असं असतं की एका आवृत्तीत जो आपणहून चालू होत नाही, तो पुढच्या आवृत्तीत दोन म्हटल्याबरोबर चालू होतो. आणि चिपच्या कंपनीनं कंपायलरला स्वतःचं नाव आणि स्वतःचा क्रमांक चिकटवलेला. खरा क्रमांक कुठला, हे कंपायलरलाच आज्ञा देऊन विचारावं लागलं. तो कळल्यावर त्या आवृत्तीचं मूळ मॅन्युअल मिळालं. ऑप्टिमायझेशनच्या पर्यायांचं प्रकरण खाली सरकवत गेलो तरी संपत नव्हतं. प्रत्येक पर्यायाला एक परिच्छेद. मी इंग्रजी बरं वाचतो, पण त्या दिवशी प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचावा लागत होता. पहिल्यांदा वाचताना मी फक्त माझी सुटका शोधायचो. बायकोनं वर आणून ठेवलेलं ताट तसंच होतं. मधेच शेजारी कुणाच्या तरी घरी फोन वाजला आणि मी खुर्चीतून उठलो.

दुपार कलल्यावर तो परिच्छेद सापडला. छोटाच होता. त्याचा अर्थ असा: प्रोग्राममध्ये एखादी गोष्ट होईपर्यंत थांब असं सांगणारी जागा असेल आणि तिथून बाहेर पडण्याची वाट असेल, तर ती गोष्ट कधी ना कधी होणारच असं हा पर्याय धरून चालतो. आणि त्या थांबण्यात दुसरं काहीच काम होत नसेल, तर ती जागा काढून टाकायची मोकळीक कंपायलरला मिळते.

माझी ओळ हीच होती. डावं किंवा उजवं बटण दाबलेलं आहे तोपर्यंत थांब. बटणांची नोंद प्रोग्रामचा दुसरा एक भाग मधूनमधून जागा होऊन घेतो. ही ओळ स्वतः काही करत नव्हती, नुसती वाट बघत होती. कंपायलरला ती फुकट बसलेली दिसली आणि त्यानं ती उडवली. ठोका द्यायच्या आधी बटणं दाबण्याची वाट बघणारी जी दुसरी जागा होती, तिथं मी एक छोटा दिवा लुकलुकवत ठेवला होता. काहीतरी काम चालू होतं म्हणून ती वाचली.

हे कंपायलरनं चुकून केलेलं नव्हतं. त्याच मॅन्युअलनं दुसरीकडं स्वच्छ सांगितलं होतं की एखादी नोंद बाहेरून बदलणार असेल तर लिहिणाऱ्यानं तिच्यापुढं तसा एक शब्द लिहून खूण करावी. एकच शब्द. मी तो वर्षानुवर्षं लिहिला नव्हता. एकच्या पातळीवर जुन्या कंपायलरनं सांभाळून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं मला काम येतं.

सुटका देणारं पान नव्हतंच. ते कळल्यावर भीतीची जात बदलली. तोवर स्वतःसाठी भीत होतो. आता मला आक्कांचा डावा हात दिसायला लागला, हिरव्या बांगड्यांचा, पदर सारखा करणारा.

मालकाला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. प्रेसच्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, तरी मी लावत राहिलो आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, सगळे दवाखान्यात गेले असतील, म्हणून उचलत नाहीत. शेवटी मोटारसायकल काढली. बायको दारात उभी होती. "सापडलं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मग सकाळीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" हे ती रागानं नाही म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

हायवेवर मी काय बघितलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की समोरून एक रुग्णवाहिका कोल्हापूरकडं गेली आणि मी गाडी कडेला घेऊन तिच्या मागं बघत उभा राहिलो. मागं फिरू की पुढं जाऊ हे कळेना. मग पुढं गेलो.

शेडच्या बाहेरूनच ठोक्यांचा आवाज ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला. प्रेस चालू आहे म्हणजे कुणाला काही झालेलं नाही. पण आवाज नेहमीपेक्षा भराभर येत होता. आत गेलो.

आक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून गच्च बांधला होता. डाव्या हातानं त्या पत्र्याचा तुकडा डायवर ठेवत होत्या आणि तो हात बाहेर येतो न येतो तोच उजवा हात बटणावर पडत होता. कधी डावा आधी बाहेर यायचा, कधी दोन्ही जवळजवळ एकदमच. रॅम खाली, रॅम वर, पुन्हा हात आत.

माझ्या घशापर्यंत ओरडणं आलं आणि तिथंच मी ते धरलं. मी ओरडलो तर त्या दचकतील. दचकल्या तर हात कुठं असेल? मेन स्विच समोरच्या भिंतीवर होता, प्रेसच्या पलीकडं. तिथं जायचं तर त्यांच्या नजरेसमोरून जावं लागणार. पळूनही चालणार नव्हतं. मी भिंतीला धरून चालायला लागलो, बाजारात जावं तसा. पलीकडून मालकानं मला बघितलं आणि हात वर करून हाक मारायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं मी गंमत करतोय. तो हसला आणि त्यानंही ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्या अंतरात किती ठोके पडले ते मी मोजले नाहीत, पण प्रत्येक ठोक्याला माझे खांदे वर जात होते.

स्विचची दांडी खाली ओढली. पॅनेलवरचा दिवा गेला. आक्कांचा उजवा हात बटणावर पडला आणि रॅम आला नाही. त्यांचा डावा हात मनगटापर्यंत आत होता.

"लाईट गेली व्हय?"

"आक्का, हात बाहेर घ्या."

"का?"

"घ्या आधी."

त्यांनी हात बाहेर घेतला. चाक अजून फिरत होतं. मी ते थांबेपर्यंत तसाच दांडी धरून उभा राहिलो. सोडली तर कुणीतरी पुन्हा वर करेल असं वाटत होतं.

मालक जवळ आला. "काय ओ सर, बंद कशाला केलासा? मघापासनं दीडपट माल निघालालाय. तुमचा ह्यो नवा डबा लई गुणाचा. जुन्याला काडी घातली की रुसून बसायचा."

सकाळच्या घटनेतून त्यांनी हा धडा घेतला होता. बटण चिकटलं तरी प्रेस चालते, तर मग चिकटवूनच ठेवू. आणि मी फोनवर फक्त पुसायला सांगितलं होतं.

मी सांगितलं. कुंकवानं काही केलेलं नाही, प्रोग्राममध्ये चूक आहे, ती माझी आहे. एका बटणावर ही प्रेस कधीच चालायला नको होती. मालकाचा चेहरा उतरला, तो शिवी देणार होता, पण आक्का मधेच बोलल्या.

"तुमास्नी कवा कळलं ह्ये?"

"सकाळीच. टेबलावर दिवा लावून बघितला तेव्हा."

"आनि आता दीस कलला. मधी काय करालतासा?"

"पानं शोधत होतो."

"कसली पानं?"

"चूक माझी की कंपायलरची, ते सांगणारी." कंपायलर म्हणजे काय ते त्यांना सांगायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"कोन का असंना त्यो. माझा हात गेला असता म्हंजे माझ्या घरात भाकरी त्यानं थापल्या असत्या व्हय?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आक्का ट्यूबचा तुकडा सोडवत होत्या, गाठ सुटेना म्हणून दातानं ओढत होत्या. ओढता ओढता त्यांनी विचारलं, "आनि कुटं कुटं बशिवलाय असला डबा?"

हे वाक्य ऐकेपर्यंत बाकीची दोन पॅनेलं माझ्या डोक्यात आली नव्हती. दिवसभर मी एकाच प्रेसला भीत होतो.

"शिरोलीत. आणि कुरुंदवाडकडं."

"मग माज्या तोंडाकडं काय बगालाय? लावा की फोन!"

शिरोलीच्या मालकानं दुसऱ्या रिंगला उचलला. मी नमस्कारही केला नाही. "मेन स्विच खाली करा. आत्ता. कारण मागनं सांगतो." तो का, कशाला करत होता. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. पलीकडचा ठोक्यांचा आवाज थांबला तेव्हा मी श्वास सोडला. कुरुंदवाडचा फोन लागेना. रेंज नाही म्हणून मी शेडच्या बाहेर रस्त्यावर आलो, पुन्हा पुन्हा लावला. लागला तेव्हा पलीकडचा माणूस ओशाळून म्हणाला, "सर, रागवू नका, तुमचं पॅनेल अजून खोक्यातच हाय. मिस्त्री सणाला गावाकडं गेलाय." मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो. तो पलीकडून हॅलो, हॅलो करत होता.

दुसऱ्या दिवशी दिवसभर दोघांनी मिळून काम केलं. मी तो राहिलेला शब्द लिहिला. बटणं सुटण्याची वाट बघण्याच्या जागीही दिवा लुकलुकवला. पर्याय एकवर आणला आणि आकडा दाखवणारा भाग काढून टाकला. मग त्या परिच्छेदाच्या मागचे पुढचे सगळे परिच्छेद वाचले, सुटका न शोधता. बायकोनं एकेका बटणाला रबर लावून, दोन्ही दाबून धरून, एक सोडून एक धरून बघितलं. तिचं समाधान झाल्यावर मी निघालो.

कागलला चिप बदलली. डाव्या बटणाला ट्यूब बांधून मेन स्विच चालू केला आणि उजवं दाबलं. प्रेस हलली नाही. पुन्हा दाबलं. नाही. ट्यूब काढली. "झालं, आक्का. बसा," मी म्हणालो.

त्या बसल्या नाहीत. हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "पयला तुमी बसा."

"मी?"

"आमी न्हाई व्हय रोज बसत? परगराम तुमचा. बसा की."

मालक म्हणाला, "आक्का, असू दे की, सर काय..." त्या त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "तू गप." तो गप्प झाला.

मी स्टुलावर बसलो. इतकी वर्षं पॅनेलं बनवतोय, पण चालू प्रेसच्या डायसमोर मी कधी बसलो नव्हतो. बाजूला उभं राहून बघितलं होतं. बसल्यावर रॅम डोक्याच्या वर येतो आणि चाकाची थरथर स्टुलातून कमरेत शिरते. पत्र्याच्या तुकड्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलला. हात डायच्या तोंडाशी नेला आणि तिथंच थांबला. मला माझ्या ओळी पाठ होत्या. रबर लावून तपासलेलं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यातलं काहीच त्या क्षणी माझ्या हातापर्यंत पोचत नव्हतं. हात म्हणत होता, अजून एखादा परिच्छेद राहिला असेल.

"घाला की आत. सोन्याचा हाय व्हय?" आक्का मागून म्हणाल्या.

घातला. तुकडा ठेवला, हात ओढून घेतला, दोन्ही बटणं दाबली. रॅम आला. इतक्या जवळून तो ठोका कानात नाही, दातांत वाजतो. रॅम वर गेला तरी माझे दोन्ही हात बटणांवरच गच्च दाबलेले राहिले होते. प्रेस थांबून होती. मी हात उचलायची ती वाट बघत होती.

आक्कांनी वाकून डायमधलं पातं चिमट्यानं बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि भंगाराच्या टोपलीत टाकलं.

"वाकडं ठिवलंय," त्या म्हणाल्या. "दुसरं घ्या."

मी दुसरा तुकडा उचलला आणि पुन्हा हात आत घातला.